ठमीला हाक

पिंजऱ्यात सापडली होती ती ठमी. राखणदार वाकला तशी तिने त्याला ओळखलं, शेपूट वर केली आणि जाळीला अंग घासलं. तिच्या मिशांना रक्त लागलेलं होतं.

पिंजऱ्याच्या अलीकडेच धाविक पक्ष्याचं पिल्लू पडलं होतं. म्हणजे एक पाय आणि मूठभर पिसं. धाविक घरटं बांधत नाही; उघड्या मातीवर अंडी घालतो आणि नशिबावर हवाला ठेवतो. काटेरी झुडपांचा हा एवढासा तुकडा कुंपण घालून राखला होता, तो मुख्यतः त्याच्यासाठी. यंदा एकच जोडी आली होती. दुसरं पिल्लू दगडाआड मातीच्या रंगाचं होऊन बसलं होतं, आणि आई चार पावलं धावायची, थांबायची, पुन्हा धावायची.

कुंपणाच्या आत मांजर सापडलं तर पहिल्यांदा घरी पोचवायचं, दुसऱ्यांदा मालकाला ताकीद द्यायची, तिसऱ्यांदा डॉक्टरला बोलवून कायमचं झोपवायचं, असा नियम होता. वस्तीच्या सभेत तो राखणदारानेच उभं राहून सांगितला होता. न्हाव्याचा बोका त्याच नियमाने गेला. तेव्हापासून न्हावी त्याचे केस कापत नव्हता.

ठमीची ही तिसरी खेप होती.

त्याने पिंजरा उचलून अवजारांच्या खोलीत नेला, दाराच्या आतच टेकवून ठेवला आणि बाहेरून कडी घातली. मग जनावरांच्या डॉक्टरला फोन लावला.

"दुपारी येतो," डॉक्टर म्हणाला. "कुणाचं आहे?"

"कुणाचं नाही. भटकं आहे."

फोन खिशात टाकून तो वळला, तर पायवाटेवरून ताई येत होती. त्याची मोठी बहीण. नवरा गेल्यापासून ती राखणदाराच्याच घरात, मागच्या खोलीत राहत होती. तिचे कान पार गेले होते. समोरच्याचे ओठ पाहून ती बोलणं समजून घ्यायची. आज घरातल्या चपलांवरच ती इथवर आली होती.

"बापू, ठमी कालपासून नाही रे," ती म्हणाली. "सकाळी दूधवाला दार वाजवून वाजवून परत गेला म्हणे. मला कुठलं कळायला? दार वाजलं की ती उठते, म्हणून मी उठते."

"तू तिला बाहेर सोडलीसच कशाला? दोनदा बजावलं होतं तुला."

"मी नाही सोडली. तुझ्या बायकोला घरात केस नको झालेत. तिनेच खिडकी उघडून दिली."

बायको काल जेवायला वाढताना बरीच खुशीत होती, ते त्याला आठवलं.

"इकडे दिसली का?" ताईने विचारलं.

दुसऱ्या कुणाशी खोटं बोलायचं तर माणूस मान फिरवू शकतो, खाली बघू शकतो. ताईशी खोटं बोलायचं तर तिच्याकडे तोंड करूनच बोलावं लागे, आणि तेही सावकाश.

"नाही दिसली," तो म्हणाला.

"पिंजऱ्यात बिंजऱ्यात?"

"पिंजरे रिकामे आहेत."

ताईने मान हलवली, पण ती जागची हलली नाही. "एकदा हाक मार ना तिला. माझा आवाज कुठवर जातो, मला समजत नाही. तुझी हाक ती ओळखते."

त्याने झुडपांकडे तोंड केलं आणि हाक मारली. "ठमे. ठमे, ये."

पाठीमागून, अवजारांच्या खोलीतून ठमीने ओ दिली. लांबलचक, तक्रारीची, रोज दुधाच्या वेळी द्यायची तशी.

ताई त्याच्या तोंडाकडे बघत होती. "आला काही आवाज?"

"नाही."

"अजून एकदा मार. जरा मोठ्याने."

त्याने अजून एकदा मारली. जरा मोठ्याने. आता ठमी थांबेना. पिंजऱ्याची जाळी ओरबाडत ती ओरडू लागली, आणि तिकडे पिल्लाची आई दचकून पंख पसरून उभी राहिली. राखणदाराने पुन्हा हाक मारली, ताईला समाधान वाटावं म्हणून. प्रत्येक हाकेला आतून उत्तर येत होतं आणि प्रत्येक उत्तरानंतर तो ताईकडे वळून मान नकारार्थी हलवत होता. तिसऱ्या-चौथ्या वेळेला ते त्याला सोपं जाऊ लागलं.

"राहू दे," ताई शेवटी म्हणाली. "तुझा घसा बसेल."

ती दमली होती. टेकायला म्हणून तिने खोलीच्या दारावर हात ठेवला. आत ठमीने पिंजऱ्यासकट दाराला धडक दिली. ताईने हात काढला नाही. दुसरा हातही तिने दारावर ठेवला, आणि तशीच उभी राहिली. दार पुन्हा हादरलं, मग पुन्हा.

"वारा आहे," राखणदार म्हणाला.

ती दाराकडे तोंड करून उभी होती, त्यामुळे ते तिच्यापर्यंत पोचलं नाही. त्याने तिचा खांदा धरून तिला आपल्याकडे वळवलं आणि ओठ नीट हलवत पुन्हा सांगितलं, "वारा आहे, ताई. दार वाजतंय."

ताईने त्याच्या ओठांकडे पाहिलं. मग रानाकडे पाहिलं. उन्हात झुडपं निमूट उभी होती. गवताचं पातंसुद्धा हलत नव्हतं.

ती बराच वेळ बघत राहिली. राखणदाराच्या घरापलीकडे तिला जायला दुसरं घर नव्हतं, हे दोघांनाही माहीत होतं.

"हो," ती म्हणाली. "सुटलाय खरा."

तिने खांद्यावरची शाल डोक्यावर घेतली, कानांभोवती घट्ट लपेटली आणि ती उडून जाऊ नये म्हणून हनुवटीखाली एका हाताने धरून, वाऱ्यात चालावं तशी किंचित वाकून, घराकडे निघाली.