तीन तासांची वीज

व्यासपीठावर अण्णांच्या फोटोला झेंडूचा हार घातला होता. खाली पाटी होती: ‘कार्यक्षम लघुउद्योजक, मरणोत्तर’. पाहुण्यांना दोन तास उशीर झाला होता आणि सूत्रसंचालक तोवर वेळेचं मोल समजावत होता. जनरेटरवरच्या एसीत बसून अण्णांच्या मुलीला शिसारी येत होती. मिरची कांडपाच्या गिरणीला पुरेशी वीज मागता मागता अण्णांची नऊ वर्षं गेली होती, आणि ते अर्ज दाबून ठेवणारे साहेब आज पहिल्या रांगेत खारे काजू खात होते.

गिरणीला वीज दिवसातून तीनच तास मिळायची, तीही अवेळी. शाळेत तिला पहिलं बक्षीस मिळालं तेव्हाही अण्णा आले नव्हते. “लाईट आली होती गं,” एवढंच म्हणाले. तो राग तिने आजवर जपला होता.

मोबाईल थरथरला. अण्णांनंतर ती चालवत असलेल्या गिरणीच्या शेजारच्या काकू होत्या. “अगं, लाईट आली! लग्नघरची मिरची संध्याकाळी न्यायचीय ना त्यांना?”

ती उठली. आयोजक शाल घेऊन आडवा आला. “ताई, कुठं निघालात? अण्णांचा सत्कार आहे!”

“अण्णा आलेच नसते,” ती म्हणाली. “लाईट आलीय.”