होरेस फेरेडेची शिसारी

"फेरेडेसाहेब, पन्नास वर्षांनी लोक लांबून लांबून येतील आणि तुमच्या क्लबाच्या या दाराला नुसता हात लावून जातील!" 'टिन पिकॉक' या बँडचा मॅनेजर छाती फुगवून म्हणाला.

"आता लावू नका म्हणावं," होरेस फेरेडे म्हणाला. "रंग ओला आहे."

१९७३ सालच्या त्या आठवड्यात टिन पिकॉकचं गाणं साऱ्या ब्रिटनमध्ये पहिल्या नंबरावर होतं. पुरुषांनी रंगून-नटून, चमचमत्या कपड्यांत गायच्या त्यांच्या गाण्याला लंडनवाले ग्लॅम रॉक म्हणत. होरेस जे म्हणे, ते छापण्यासारखं नाही. टिप्टन या कारखान्यांच्या गावातल्या कामगार क्लबात गायचं बँडनं कबूल केलं होतं ते दीड वर्षापूर्वी, साधे सदरे घालून गात असताना. आता मोठमोठी थिएटरं त्यांच्यासाठी ताटकळत होती. पण गायक मेल्विन हटून बसला. आधी टिप्टन, मग लंडन. मॅनेजरला वाटलं, काय हा शब्दाचा पक्का! तसं काही नव्हतं. क्लबाचा सेक्रेटरी होरेस हा मेल्विनचा बाप होता, आणि गेलं वर्षभर तो ते नाकारत होता.

"टीव्हीवर नटून नाचतो तो तुझाच ना रे?" तो कामाला होता त्या लोखंड ओतायच्या फाउंड्रीत कुणी विचारलं की तो सांगायचा, "आडनावं सारखी असतात. टिप्टनमध्ये फेरेडे पैशाला पासरी."

होरेसच्या नाकाकानांत जन्मभर भट्टीची काजळी गेली होती. पोरानं तसलंच काळं दुकानातून विकत आणून डोळ्यांत घालावं, याची त्याला शिसारी यायची.

कपडे बदलायला बँडला बिअरच्या पिंपांची खोली मिळाली. मेल्विन बाहेर आला तेव्हा त्याच्या गालांवर चांदीची भुकटी होती, ओठ डाळिंबी होते आणि सदरा बेंबीपर्यंत उघडा होता. नासलेलं दूध हुंगल्यासारखं होरेसनं तोंड फिरवलं.

"बाबा," मेल्विन हळूच म्हणाला, "आमची ओळख करून देताना एकदा म्हणा, हा माझा मुलगा. एवढंच."

"इथे बाबा कुणी नाही. सेक्रेटरी आहे. आणि ती भुकटी माझ्या फरशीवर सांडू नकोस."

तो माईकपाशी गेला. "आता गाणी. मग बिंगो. कुणाची तरी सायकल दारात आडवी आहे, ती काढा." संपली ओळख.

बँड स्टेजवर आला आणि क्लब खो खो हसत सुटला.

"होरेस," भट्टीवरचा सिरिल हॉजेट्स भट्टीवरच्याच आवाजात ओरडला, "पोरगी लग्नाची आहे का? आमच्या थोरल्यासाठी विचारतोय!"

होरेसचे कान लाल झाले. मेल्विननं सिरिलला डोळा मारला आणि ढोलांवर पहिली काठी पडली.

दुसऱ्या गाण्याला टेबलांवरचे ग्लास आपोआप चालायला लागले. तिसऱ्याला सिरिलची बायको खुर्चीवर चढली. तिला खाली उतरवायला गेलेला सिरिल चौथ्याला स्वतःच वर होता. होरेस भिंतीला टेकून उभा होता, चेहरा एरंडेल घेतल्यासारखा. त्याचा एक पाय ठेका धरू लागला, तेव्हा त्यानं तो दुसऱ्या पायानं दाबून धरला.

गाणी संपली. मेल्विनच्या डोळ्यांतलं काजळ घामाबरोबर हनुवटीपर्यंत ओघळलं होतं. टाळ्या थांबेनात.

"होरेस, आता तरी खरं सांग," सिरिल खुर्चीवरूनच ओरडला. "कुणाचं रे कार्टं हे?"

टाळ्या एकदम थांबल्या. सगळ्या माना वळल्या. मागच्या खोलीत क्लबाचे ग्लास विसळणारी मेल्विनची आई ओले हात पुसत दारात येऊन उभी राहिली. मेल्विन बापाकडे बघत होता.

होरेसनं माईक हातात घेतला. मुलाला वरून खाली न्याहाळलं. काजळ. भुकटी. उघडी बेंबी. आणि सगळ्यांत खाली, वीतभर उंच तळव्यांचे चंदेरी बूट. उलटी यावी तसा त्याचा ओठ वाकडा झाला. नजर मात्र तिथेच बराच वेळ थांबली.

"मेल्विन," तो माईकमध्ये म्हणाला, "ते बूट काढायच्या आधी मागं जा आणि बेसिनवरचा बल्ब तेवढा बदल. तुझ्या आईचा हात पोचत नाही."