अंगणापलीकडची गाणी

मनोहररावांना हृदयविकार होता आणि ते अंगणापलीकडच्या खोलीत एकटेच राहत. त्यांच्या जुन्या रेकॉर्ड प्लेअरवर तबकडीची एक बाजू संपली, की नुसती खरखर ऐकू येई. ते उठून बाजू उलटत, गाणे पुन्हा सुरू होई आणि स्वयंपाकघरात सुनेचा, वच्छलाचा, जीव भांड्यात पडे.

"बाबा, डॉक्टरनं आराम सांगितला, अन् तुम्ही घडीघडी उठून राहिले," म्हणत मुलाने सदर बाजारातून कॅसेटच्या दोन्ही बाजू आपोआप वाजवत राहणारा नवा टेप आणला.

"म्हणजे मले आता काही कामच ठेवलं नाही गा," मनोहरराव हसले.

दुसऱ्या दिवशी जेवून ते खोलीत गेले. दुपारभर गाणी अखंड वाजत राहिली.

दिवेलागणीला वच्छला नवऱ्याला कौतुकाने म्हणाली, "बाबा आज गाण्यात इतके रंगले हायेत, का मी चहालेही हाक नाही मारली."