खिडकीजवळची खुर्ची

मॅनेजर पाहुण्यांना खोली दाखवत होता. "साहेबाच्या बाईला खालची हवा सोसेना, म्हणून या डोंगरावर हा पहिला बंगला बांधला. मग रस्ता झाला, क्लब आला, तलाव खोदला. बाईसाहेब इथं बसून दरी बघायच्या. खुर्ची तीच आहे, बरं का! आणि ही दोरी ओढली की खाली स्वयंपाकघरात घंटा वाजते. पाहुण्यांना गंमत वाटते, म्हणून पुन्हा चालू केलीय."

पाहुण्यांतल्या म्हातारीनं मान हलवली. खुर्ची तीच होती. डाव्या हातावरचा चराही तोच. काडीला फडकं गुंडाळून तिची आई या खुर्चीच्या वेताची भोकं न् भोकं पुसायची. सारा जन्म पुसली, टेकली एकदाही नाही.

मॅनेजर गेला तसा तिचा मुलगा घड्याळ बघत म्हणाला, "आधी तलाव, मग सूर्यास्ताचा पॉइंट. आई, चल लवकर."

"तुम्ही जा. मी या खुर्चीत बसणार."

"एवढा घाट चढून खुर्चीत बसायला आलीस?"

"हो. आईच्या वाटचं बसायचं राहिलंय."

म्हातारी हळूच खुर्चीत बसली. समोर दरी उघडी पडली होती, निळी, तळ न दिसणारी. स्वयंपाकघराच्या खिडकीतून फक्त लाकडांची रास दिसायची. तिनं पाठ मागे टेकायला घेतली.

तेवढ्यात नातीनं दोरी ओढली.

खाली कुठंतरी घंटा किणकिणली. म्हातारी ताडकन उठली. दुखरे गुडघे विसरून दारापर्यंत गेली. "आले, आले!"

नात खुदकन हसली. "अगं आजी, तुला नाही बोलावलं!"

म्हातारी दाराची कडी धरून तशीच उभी राहिली. बाहेर मागच्या जिन्यावर धावती पावलं वाजली. एक पोरसवदा कामवाली धापा टाकत वर आली. ओले हात तिनं पाठीमागे लपवले.

"बोलावलंत?"

"किती पायऱ्या गं?" म्हातारीनं विचारलं.

"बावीस."

"अजून बावीसच." म्हातारीनं तिचा हात धरून तिला आत घेतलं. "ये. बस इथं."

"नको आजी! पाहुण्यांच्या खोलीत बसलेलं चालत नाही आम्हाला."

"दार लाव रे," म्हातारी मुलाला म्हणाली.

त्यानं दार लावलं. तलावाचं नाव काढलं नाही.

ती मुलगी बसली. अगदी कडेला, केव्हाही उठता येईल अशी.

"अशी नाही," तिच्या खांद्यावर हात ठेवून म्हातारी म्हणाली. "टेकून बस."