बिल्ल्याच्या पाठीवरचं नाव

लेकीच्या हातून ठण्णकन चमचा पडला आणि गप्प बसलेलं स्वयंपाकघर दचकलं.

"आई, या बिल्ल्याच्या मागे तुझं नाव नाहीये," लेक म्हणाली. नुकतीच वाचायला लागलेली. दिसेल ते वाचायची.

आत्याने कुठल्याशा परिषदेहून आणलेला दिव्यांचा बिल्ला लेकीच्या गळ्यात लुकलुकत होता. आईने तो काढून घेतला, उलटा केला. दिव्यांची रांग तिच्या बिल्ल्याचीच, तारांची वळणं तीच, कोपऱ्यातलं कशालाच न जोडलेलं भोकही तेच. नाव मात्र दुसऱ्याच कुणा बाईचं.

लेक झाल्यापासून स्वतःचं म्हणावं असं हे एकच तर तिच्या हातून झालं होतं. आराखडा तिने सगळ्यांना खुला करून दिला होता. घ्या, बदला, विका. मागचं नाव तेवढं राहू द्या.

"शी! वाढलेल्या ताटातलं कुणी चोरून खातं का?"

"जाऊ दे ना," नवरा भांडी विसळत म्हणाला. "कशाला कुणाच्या तोंडी लागतेस?"

"नक्कल करायचीही अक्कल नाही रे. तुझ्या हातून चुकून पडलेलं भोकसुद्धा उचललंय मेल्यांनी!"

दिव्यांची कल्पना तिची होती. तारांची मांडणी त्याने केली होती, ती बाळंतपणातून उठायच्या आत. 'तू झोप, मी बघतो,' म्हणाला होता.

बिल्ल्यावर कारखान्याचा नंबर होता. तिने फोन लावला, स्पीकर चालू केला आणि तोंडाला येईल ते बोलली.

पलीकडच्या कारागिराने सगळं ऐकून घेतलं.

"झालं, ताई? ते भोक चुकून नाही पडलेलं. मागे ज्यांचं नाव आहे, त्या आमच्या बाईंचा एक हात चालायचा नाही. त्या भोकाने बिल्ल्याची पाटी टेबलावरच्या खिळ्यात अडकवायच्या आणि दुसऱ्या हाताने तारांना डाग द्यायच्या. त्यांचा आराखडा तुमच्या कितीतरी आधीपासून खुला आहे. अटही तुमचीच, नाव ठेवायची."

तिने बिल्ला उजेडात धरला, भोकावरून बोट फिरवलं.

"तुमचा बिल्ला पाहिला होता बाईंनी. जाण्यापूर्वी. हसल्या. म्हणाल्या, चला, निदान भोक तरी ठेवलंय."

फोन ठेवल्यावर तिने मान वर केली. नळ बंद होता. नवरा पाठमोरा, कोरडंच ताट पुसत उभा होता.

लेकीने तिचा पदर ओढला.

"आई, आता बाबाला ओरडणार ना तू?"