एकुलता एक गोल

"...आणि मी उडी मारली!" कासिमिरोने हात उंच नेला. "चिखल एवढा, की बूट रुतलेले. तरी उडालो. चेंडू कपाळावर बसला आणि थेट जाळ्यात. शेवटचं मिनिट!"

बारमधल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. मालकीण चारोने तिथल्या रीतीप्रमाणे बाटली डोक्यावर उंच धरून सफरचंदाच्या दारूची धार त्याच्या पेल्यात सोडली.

कोपऱ्यातल्या टेबलावर बौदिलियोच्या तोंडातला घास तसाच राहिला. तो गोल कासिमिरोचा नव्हता. बौदिलियोचा होता.

या खाणीच्या गावच्या संघात दोघे नऊ वर्षं एकाच जागेवर होते. म्हणजे खेळायचा कासिमिरो. बौदिलियो राखीव खेळाडूंच्या बाकावर बसायचा. कासिमिरोचे गोल एकशे त्रेसष्ट. मैदानाकडे जाणाऱ्या रस्त्याला त्याचं नाव आहे, आणि चारोच्या भिंतीवर त्याचे फोटो. बौदिलियोचा गोल एक. एकोणीसशे एकोणऐंशीच्या मार्चमध्ये कासिमिरोचा पाय मोडला. प्लास्टर घालून तो बाकावर बसला आणि बौदिलियोला एक अख्खा सामना मिळाला. तो गोल त्यातलाच. पुढच्या रविवारी संघाने दुसऱ्या गावाहून नवा खेळाडू आणला. नंतर तीस वर्षं बौदिलियोने दुधाचा ट्रक चालवला. घाटातल्या वळणावळणावर तो गोल त्याने मनातल्या मनात पुन्हा मारला.

"काय रे बौदिलियो," पलीकडून एकजण ओरडला, "तूही होतास ना तेव्हा? बाक उबदार ठेवायला!"

सगळे हसले. कासिमिरोही हसला. बौदिलियो पेला अर्धा सोडून उठला.

सोमवारी सकाळी त्याने कासिमिरोचं दार ठोठावलं. दार त्याच्या बायकोने, ओब्दुलियाने उघडलं.

"नवऱ्याला विचार तुझ्या," बौदिलियो उंबऱ्यातूनच म्हणाला, "एकशे त्रेसष्ट कमी पडले का त्याला?"

तिने त्याला दंडाला धरून स्वयंपाकघरात नेलं.

"हळू बोल. त्याला काही आठवत नाही रे. वर्ष होत आलं. परवा अंतिम सामन्याचा फोटो दाखवला, तर विचारतो, हा मिशीवाला कोण? स्वतःबद्दलच! एकशे त्रेसष्टातला एकही गोल आठवत नाही. तो एवढाच उरलाय. तुझा आहे, मला का माहीत नाही? पण डॉक्टर म्हणाले, बोलू द्या."

बौदिलियोला वाईट वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

"विसरायचं तर सगळंच विसरायचं," तो म्हणाला. "उरायला माझाच सापडला?"

ओब्दुलियाने कॉफी ओतली आणि त्याला आतल्या खोलीत पाठवलं.

कासिमिरो खिडकीशी बसला होता. गुडघ्यांवर घोंगडी होती. त्याने पाहुण्याकडे पाहिलं. ओळख पटली नाही.

"या, बसा. मी फुटबॉल खेळायचो."

"ऐकलंय," बौदिलियो म्हणाला. "त्या शेवटच्या मिनिटाच्या गोलाचं सांगा. चेंडू जाळ्यात गेल्यावर काय झालं?"

त्याला कासिमिरोला कोंडीत पकडायचं होतं. पुढचं फक्त गोल मारणाऱ्यालाच ठाऊक असणार.

"काय होणार? सगळे अंगावर पडले. नाकातोंडात चिखल. गोलरक्षकसुद्धा पळत आला." कासिमिरो हसला आणि मधेच थांबला. "एकजण तेवढा आला नाही."

"कोण?"

"नाव नाही आठवत. बाकावर बसला होता. अख्खं मैदान उभं राहिलं, हा उठला नाही. टाळीसुद्धा वाजवली नाही."

बौदिलियोने कप खाली ठेवला. त्या दिवशी चिखलातून वर येताना त्याने बाकाकडे पाहिलंच नव्हतं.

"पायाला प्लास्टर होतं का त्याच्या?"

"होतं!" कासिमिरो पुढे झुकला आणि ओब्दुलियाला ऐकू जाऊ नये म्हणून आवाज खाली आणला. "तुम्हाला म्हणून सांगतो. बाकी सगळं विसरलो, पण तो माणूस डोळ्यांपुढून हलत नाही. माझ्याकडे असा बघत होता, जणू मी त्याच्या ताटातला घास उचललाय."