गाण्यानंतरचं नाव

नागपूरच्या हुडकेश्वर भागातल्या आपल्या घरी संघपाल जुन्या तबकड्यांवरची गाणी कॉम्प्युटरवर उतरवून द्यायचा. त्या दुपारी कुसुमताई वडिलांची तबकडी घेऊन आल्या. वडील म्हणजे मास्टर हरिहर, वीसेक बोलपटांत गायलेले देखणे नट. ते जाऊन कित्येक वर्षं झाली होती; आता त्यांचं नाव घेणारंही कोणी उरलं नव्हतं.

"सुई मधात उचलू नको गा," ताई म्हणाल्या. "गाणं संपलं की बाबा आपलं नाव सांगतात."

जुन्या गवयांची ती रीतच होती. गाणं संपलं, थोडी खरखर झाली आणि एक भरदार आवाज म्हणाला, "मास्टर हरिहर, नागपूरकर."

संघपालनं आवाजाची पातळी जुळवून तबकडी पुन्हा लावली. गाणं तेच होतं. शेवटी मात्र कोणीतरी अगदी जवळ येऊन श्वास घेतला, आणि नाव आलंच नाही.

"ताई, नाव कुठं गेलं?"

"पुन्हा लाव." ताईंची नजर तबकडीवर नव्हती. ती संघपालच्या तोंडावर होती.

तिसऱ्यांदा गाणं संपलं. खरखरीतून घाबराघुबरा आवाज आला, "मी संघपाल! ताई, सुई उचलू नका!"

संघपाल ताडकन उठला. ओरडायला त्यानं तोंड उघडलं, आणि त्यातून तो भरदार आवाज खोलीभर घुमला, "मास्टर हरिहर, नागपूरकर."

कुसुमताईंनी सुई उचलली. तबकडी जपून पाकिटात सरकवली.

"चला बाबा," त्या म्हणाल्या, "लय उशीर केला तुम्ही."